चूल एक, नाते नाही

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय 'समलिंगी विवाहांची आकडेवारी आणि समता'. पुढच्या तीन रांगा कुठल्याही विषयाला येतात, त्यांना नमस्कार. मागच्या तरुण मंडळींना प्रश्न पडला असेल की गणिताच्या निवृत्त मास्तराचं इथे काय काम. मी आपला आकड्यांसाठी आलोय. हायस्कूलात आयुष्यभर टक्केवारी शिकवली. टक्का काढायचा कसा, ते फळ्यावर हजार वेळा लिहिलं. पण अंशात कोण बसलंय, छेद कुणी ठरवला आणि मोजायला गेलेल्या माणसाने दारात उभं राहून नेमकं विचारलं काय, हे कुणाला शिकवलं नाही. ती चूक आज तुमच्या वेळेत दुरुस्त करून घेतो.

आपल्याकडे लग्न मोजायची रीत सोपी आहे. किती पानं उठली? पाचशे उठली तर लग्न, पन्नास उठली तर 'आटोपलं'. नोंदणी वगैरे पासपोर्टच्या वेळी आठवते. अशा समाजात एकदम लग्नांची आकडेवारी काढली की माणसं बिचकतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'पण असे लोक आहेत किती?'

हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. का, ते सांगतो. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम ठेवलं. त्या निकालात एक वाक्य आहे: समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी हे देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत, आणि दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले झाले. अत्यल्प अंश! मी गणिताचा माणूस, अंश म्हटलं की छेद शोधतो. त्याच खटल्यात सरकारने २५ लाखांचा अंदाज दिला होता. तोही फक्त पुरुषांचा, एड्स नियंत्रणाच्या कामातून आलेला. बायका त्यात धरलेल्याच नव्हत्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख. आता एखाद्या नागपूरकराला तोंडावर 'तू अत्यल्प आहेस' म्हणून बघा. उन्हाळ्यात म्हणू नका एवढंच.

(हसताय, पण तिसऱ्या रांगेतले काका हसले नाहीत. नागपूरचे दिसतात.)

पुढे २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की अल्पसंख्या हे हक्क नाकारायचं कारण होऊ शकत नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा तो भाग गेला. ते झालं. माझा राग त्याच्या आधीचा आहे. घरोघर जाऊन माणसं मोजली कुणी? आम्हीच की! आम्ही मास्तर लोकांनी. जनगणना म्हटलं की शिक्षक. निवडणूक शिक्षक, पोलिओ शिक्षक, खिचडी शिक्षक, उरलेल्या वेळात लसावि-मसावि. तेव्हा हा कबुलीजबाब समजा.

२००१ ची जनगणना. ९ ते २८ फेब्रुवारी. मी प्रगणक होतो. गाव सांगणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने माहिती गोपनीय आहे, आणि या वयात मला गुन्हा दाखल करून घ्यायचा नाही. खांद्याला झोळी, झोळीत फॉर्म आणि एक कच्ची वही. आधी वहीत पेन्सिलीने लिहायचं आणि रात्री घरी बसून फॉर्मवर उतरवायचं, अशी माझी पद्धत. खाडाखोड मला सोसत नाही.

एका वाड्यात मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. दारावर गेरूने घातलेला घरक्रमांक. आत दोन बाई राहत. एक सरकारी दवाखान्यात नर्स, त्यांना सगळं गाव सिस्टर म्हणायचं. दुसऱ्या शिवणक्लास घ्यायच्या. मी गेलो तेव्हा क्लासच्या बाई मशीनवर होत्या. पांढरं कापड होतं, सिस्टरांचा कामावरचा ड्रेस. सिस्टर स्टुलावर बसून दोऱ्याची टोकं कापून देत होत्या. वीस-बावीस वर्षं एकत्र राहत होत्या. तेवढ्या वर्षांत माझ्या दोन मेव्हण्यांची तीन घरं झाली.

विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसल्या. "हिला लिहा, भाडं ती भरते," सिस्टर म्हणाल्या. लिहिलं. पुढचा रकाना, कुटुंबप्रमुखाशी नाते. "सिस्टर, तुमचं यांच्याशी नातं?"

मशीन थांबलं.

सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे काय लिहायची पद्धत आहे?" आता यावर काय सांगणार? मी वहीत पेन्सिलीने 'मैत्रीण' लिहिलं, पाणी प्यायलो आणि निघालो.

दोन दिवसांनी आमचे पर्यवेक्षक वही बघायला आले. चांगला माणूस, कामाला वाघ. बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, मैत्रीण हे नातं कुठल्या यादीत आहे?" मी म्हटलं, एकत्र राहतात. ते म्हणाले, "राहू देत की. रक्ताचं आहे का? लग्नाचं आहे का? मग 'नाते नाही' लिहा." नियमाने ते बरोबरच होते. मी खोडरबर काढलं. फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाते नाही'.

आता गंमत ऐका. जनगणनेत कुटुंब म्हणजे काय? प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्त नाही, लग्न नाही, चूल! म्हणजे चुलीच्या हिशोबाने त्या दोघी एक कुटुंब, एका फॉर्मवर. आणि त्याच फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात, नाते नाही. एका कागदावर सरकार दोन्ही म्हणत होतं आणि अक्षर माझं होतं.

१ ते ५ मार्च फेरतपासणी असते. कुणी जन्मलं का, कुणी गेलं का. मी परत त्या दारी गेलो. चहा झाला. क्लासच्या बाईंनी सहज विचारलं, "मग शेवटी काय लिहिलंत हो?" मी म्हटलं, "बहीण." खोटं बोललो. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. लोक तसंच समजतात."

त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, फॉर्मला विचारायचं नव्हतं, आणि आज मी त्यांना कुठल्याही आकड्यात ढकलणार नाही. पण त्यानंतर सत्तावीस दिवसांनी, १ एप्रिल २००१ च्या मध्यरात्री, अॅमस्टरडॅमच्या महापौरांनी चार समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली. देशाच्या कायद्याने झालेली जगातली ती पहिली. आमच्या पेपरात ती बातमी एप्रिल फूल असावी असं मला वाटलं होतं.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अहो, विषय आत्ता सुरू होतोय.)

बरं, खोडरबर फक्त माझ्याकडे नव्हतं. अमेरिकेचं जनगणना खातं जगात नावाजलेलं. १९९० मध्ये दोन बायकांनी फॉर्मवर 'आम्ही पती-पत्नी' असं सांगितलं, तर तिथे बहुतेक वेळा त्यातल्या एकीचं लिंगच बदलून टाकत. एकीचा झाला पुरुष, विषय मिटला. २००० मध्ये थोडे सुधारले. लिंग राहू दिलं, नातं बदललं. लग्नाचे असाल तर 'अविवाहित जोडीदार' व्हा. माझे पर्यवेक्षक तिथे असते तर खात्यात वर चढले असते.

२०१० ला त्यांनी ठरवलं, लोक सांगतील ते मोजायचं. आकडा आला: समलिंगी विवाहित जोडप्यांची ३,४९,३७७ घरं. मग शंका आली आणि तपासलं, तर निघाली १,३१,७२९. शंभरातली बासष्ट जोडपी खोटी! लबाडी नव्हे, चुकलेली खूण. घरोघर जाऊन भरायच्या फॉर्मची मांडणी अशी होती की स्त्री-पुरुषाच्या चौकटीत चुकून भलतीकडे खूण व्हायची. साध्या नवरा-बायकोंची साडेपाच कोटींच्या वर घरं. त्यात हजारी चार चुका म्हणजे काहीच नाही. पण तांदळाच्या पोत्यातले चार दाणे उडून तिळाच्या वाटीत पडले, तर वाटीत तांदूळच दिसणार. लहान समूह मोजताना हे कायम होतं. 'असे लोक किती' विचारणाऱ्याने आधी वाटीत काय पडलंय ते बघावं.

ही चूक पकडली कशी? नावांवरून. 'जॉन' नावाच्या माणसाने स्त्रीवर खूण केली असेल तर घोळ आहे, असा हिशोब. आपल्याकडे हे करून बघा. किरण. शशी. सुमन. आमच्या शाळेत तीन किरण होते, दोन सर आणि एक बाई, आणि पगारपत्रकात दर वर्षी कुणीतरी 'श्रीमती' व्हायचा. २०२० च्या फॉर्मवर मात्र अमेरिकेने सरळ वेगळे पर्याय छापले, समलिंगी पती किंवा पत्नी आणि समलिंगी अविवाहित जोडीदार. २०२१ च्या त्यांच्या पाहणीत अशा जोडप्यांची सुमारे १२ लाख घरं आली, त्यातली सुमारे ७ लाख १० हजार विवाहितांची.

आता आकडेवारी धावत सांगतो.

आयर्लंड. २२ मे २०१५ ला लोकांनी मतदान करून समलिंगी लग्नाचा हक्क दिला, ६२ टक्के बाजूने. दोन वर्षांनी तिथे पंतप्रधान झाले लिओ वराडकर, उघडपणे समलिंगी, वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. वराडला तेव्हा आनंद झाला, हे कोकणाला शोभून दिसलं. तर तिथली समलिंगी लग्नं: २०१६ मध्ये १,०५६, मग ७५९, मग ६६४, मग २०१९ मध्ये ६४०. यावर लगेच 'बघा, हौस फिटली' म्हणणारे निघतात. अहो, बंद दुकान उघडल्यावर पहिल्या दिवशी रांग मोठीच असणार. वीस-वीस वर्षं थांबलेली जोडपी पहिल्या वर्षी येतात. त्या वर्षीचा आकडा थांबलेल्यांचा असतो.

तैवान, २४ मे २०१९, अशा लग्नांचा तिथला पहिला दिवस. ५२६ जोडपी, त्यात ३४१ बायकांची, १८५ पुरुषांची. आपल्या २५ लाखांच्या अंदाजात बाई नव्हती, तिथे रांगेत पुढे तीच. घटस्फोट? नेदरलँड्समध्ये २००५ साली लग्न केलेल्यांपैकी दहा वर्षांत बायका-बायकांची ३० टक्के मोडली, पुरुष-पुरुषांची १५, स्त्री-पुरुषांची १८. म्हणजे 'यांची टिकत नाहीत' म्हणणाऱ्याला पुरुषांची टिकलेली दिसतात, आणि 'यांचीच टिकतात' म्हणणाऱ्याला बायकांची मोडलेली. टिकतात किती यावर हक्क द्यायचा, तर आधी आमच्या मेव्हण्यांचा काढून घ्या.

मला विचाराल तर या विषयातला खरा आकडा वेगळाच आहे. १,१३८. अमेरिकी संसदेच्या हिशोबतपासनीस खात्याने २००४ मध्ये मोजलं की तुम्ही विवाहित आहात की नाही यावर काही अवलंबून आहे अशा केंद्रीय कायद्यांत किती तरतुदी आहेत. इतक्या! एडिथ विंडसर नावाच्या बाई चाळीसहून जास्त वर्षं एका बाईंबरोबर राहिल्या, २००७ मध्ये टोरांटोला जाऊन लग्नही केलं. २००९ मध्ये जोडीदारीण गेली आणि केंद्र सरकारने वारसाकर लावला ३,६३,०५३ डॉलर. विधवा धरलं असतं तर शून्य. त्या कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये जिंकल्या. दोन वर्षांनी लग्नाचा हक्क सगळ्या अमेरिकेत आला.

म्हणून लग्नं किती लागली हे मी समतेचं माप धरत नाही. 'नातं काय?' असं किती खिडक्यांवर विचारतात, ते मोजा.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लग्नाचा असा मूलभूत हक्क नाही, संसदेने बघावं. मात्र नंतर केंद्राच्या समितीच्या कामातून २०२४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. संयुक्त बँक खात्याला आणि तिथे जोडीदाराचं नाव नामनिर्देशनात लावायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं. आणि रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरा, असं राज्यांना कळवलं. म्हणजे चूल मान्य झाली! बाकी खिडक्या तशाच आहेत. भविष्यनिर्वाह निधीत कुटुंब कुणाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. जोडप्याने दत्तक घ्यायचं तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. १९५६ च्या वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांची यादी आहे, आणि त्या यादीत 'नाते नाही' असा वारस नसतो.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. आपल्याकडच्या अशा खिडक्या मी एका वहीत उतरवायला लागलोय. वही झोळीत आहे, तीच जुनी झोळी. इथे कुणी बँकेतले असतील, एलआयसीतले, तहसील कचेरीतले, तर चहाच्या वेळी भेटा. तुमच्या खात्यात 'नातं काय' असा रकाना कुठल्या फॉर्मवर आहे, तेवढं सांगा. पेन्सिल माझ्याकडे आहे. खोडरबर घरी ठेवून आलोय.