स्लॅबला टेकलेला रबर प्लांट आणि आटपाडीची गुटी

हा सांगलीत विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचा हॉल, आणि हा रबर प्लांट आता पार स्लॅबला टेकलाय, शेंड्याचं पान वाकडं झालंय, खालचा बुंधा उघडा पडलाय आणि काकूंना जो येतो तो एकच सांगतो, शेंडा छाटा आणि टाकून द्या. टाकायचा कशाला? तो शेंडा म्हणजे अख्खं दुसरं झाड आहे हो!

आणि हे काम येणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. तासगावकडं द्राक्षाचं कलम डॉगरिज नावाच्या खुंटावर भरतात, आटपाडीकडं डाळिंबाची रोपं गुटीनं करतात. काकूंचे धाकटे भाऊ, म्हणजे आपले मामा, आटपाडीचेच, डाळिंबवाले. त्यांनी झाड खालीवर बघितलं आणि म्हणाले, "ताई, डाळिंबाला बांधतो तशीच बांधू की गुटी."

गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची. एवढा जाड शेंडा नुसता कापून लावला तर मोठ्या पानांतून पाणी उडत राहतं, खालून ओढायला मूळ नसतं, आणि शेंडा मान टाकतो. काहीजण नुसतं पान पाण्यात ठेवतात, त्याला मुळं येतातही, पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण देठाच्या बगलेतला डोळा सोबत नसेल तर त्यातून झाड कधीच वर येत नाही.

आता मामांचे हात नीट बघा. पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या जरा खाली, धारदार चाकूनं, 2 ते 3 सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढली. लगेच पांढरा चीक वाहायला लागतो, म्हणून हातात ग्लोव्ह्ज घाला, डोळ्याला हात लावू नका, घरात मांजर असेल तर लांब ठेवा. 19व्या शतकात आसामात याच झाडाच्या चिकापासून रबर काढायचे, आजचं टायरचं रबर येतं ते झाड वेगळं. हा आपल्या वडा-उंबराच्या कुळातला. मेघालयात याचीच मुळं ओढ्यावरून पलीकडं वळवून खासी लोक जिवंत पूल करतात, म्हणजे खोडाला मुळं फुटणं हे या झाडाच्या रक्तातच आहे.

चीक पुसला की आतल्या लाकडावर बुळबुळीत थर लागतो, तो खरवडून काढायचाच, इथं घाई केली तर साल परत जुळून येते आणि मुळं येतच नाहीत. पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून, म्हणून शेंडा सुकत नाही. पण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं, ते या कापाच्या वरच्या काठाशी अडतं, आणि मुळं तिथूनच फुटतात. मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग हार्मोनची पावडर लावायची तीही त्याच वरच्या काठाला.

मग भिजवून घट्ट पिळलेलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मूठभर, कापाभोवती दाबून बसवायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं आवळून बांधायची. पाणी गळणारं मॉस नको, सडतं. खिडकीचं ऊन येत असेल तर वरून फॉइल गुंडाळा. जून ते ऑगस्ट हा सगळ्यात चांगला काळ, आपल्याकडच्या मे महिन्यात मॉस सारखं वाळतं, मग सिरिंजनं पाणी सोडत बसावं लागतं.

साधारण 6 ते 8 आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. पहिलं मूळ दिसलं की लगेच कापायला हात शिवशिवतात, पण थांबा, मॉसचा गोळा मुळांनी भरू दे. नंतर गोळ्याच्या खालून कापा, प्लास्टिक काढा पण मॉस तसंच राहू द्या, ती मुळं लई नाजूक असतात. कुंडी बेताची घ्या, काठीचा आधार द्या, आणि दोनेक आठवडे सावलीतच ठेवा.

खाली राहिलेला बुंधा उपटू नका. त्याला पाणी जरा कमी द्या, कापाच्या खालचे डोळे फुगतात आणि एकाच्या जागी दोन-तीन फांद्या निघतात, झाड उलट भरदार होतं. क्रोटन, ड्रॅसिना, फिडल लीफ, यांनाही अशीच गुटी बांधता येते. मनी प्लांटला मात्र एवढा खटाटोप नको, त्याचं पेर पाण्यात बुडालं की झालं.