हातोडा कुणाच्या हाती?

[दृश्य : जिनिव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरची झेंड्यांची दुतर्फा रांग. मग आतलं सभागृह.]

१७ एप्रिल २००९. तीन दिवसांनी इथं, २००१ मध्ये दर्बानला झालेल्या वंशवादविरोधी परिषदेची आढावा परिषद भरणार आहे. मसुद्यावर शेवटचा हात फिरतोय. स्वयंसेवी संस्थांना बोलायला थोडा वेळ ठेवलाय. एक पॅलेस्टिनी डॉक्टर माईक सुरू करतात आणि थेट अध्यक्षांकडे बघून बोलतात. म्हणतात, तुम्ही मला ओळखलंत की नाही, कोण जाणे.

त्यांचं नाव अश्रफ अल-हजूज. लिबियातल्या बेनगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली होती. रुग्णालयातल्या अस्वच्छतेमुळे ती पसरली, असं बाहेरच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं. पण गद्दाफींच्या राजवटीला खापर फोडायला परकी माणसं हवी होती. पाच बल्गेरियन परिचारिका आणि हा शिकाऊ डॉक्टर, असे सहाजण १९९९ मध्ये पकडले गेले. छळ करून कबुलीजबाब घेतले. दोनदा मृत्युदंड सुनावला. सुटका झाली ती थेट जुलै २००७ मध्ये.

आणि आज अध्यक्षांच्या खुर्चीत कोण आहे? लिबियाच्या राजदूत, नजात अल-हज्जाजी.

डॉक्टर आपली हकिगत सांगू लागतात आणि हातोडा वाजतो. विषयाला धरून बोला, अशी सूचना येते. लिबियाचा प्रतिनिधी हरकत घेतो. डॉक्टर पुन्हा सुरुवात करतात, पुन्हा अडवले जातात. मग पुढच्या वक्त्याला बोलायला सांगितलं जातं.

परका म्हणून बळी दिला गेलेला माणूस वंशवादविरोधी परिषदेत बोलत होता. याहून विषयाला धरून आणखी काय असू शकतं?

[दृश्य : सभागृहातल्या देशांच्या नावांच्या पाट्या, एकामागून एक.]

परिषदेची तयारी करणाऱ्या या समितीचं अध्यक्षपद लिबियाकडे होतं. उपाध्यक्षांत इराण होता. इतिवृत्ताची आणि अहवालाची जबाबदारी क्यूबाकडे होती. यासाठी कुणी नियम मोडला नव्हता. संयुक्त राष्ट्रांत पदं प्रादेशिक गटांत वाटली जातात. आपल्या वाट्याला आलेल्या पदावर कुणाला बसवायचं, हे गट आपापसांत ठरवतो आणि बाकीचे सहसा मान डोलावतात. ज्या सरकारला स्वतःच्या घरातलं काही झाकायचं असतं, ते अशा पदासाठी मनापासून धडपडतं. ज्याला झाकायचं नसतं, त्याला तेवढी निकड नसते. म्हणून या संस्थांत नेमकी नको ती सरकारं पुढे दिसतात. मला तरी हेच मुख्य कारण वाटतं.

ही गोष्ट तशी जुनी आहे.

१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली आहे, असं त्यांनी वाचलं होतं. भारतातल्या अस्पृश्यांनीही तसंच करावं, हा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी त्या निवेदनाची प्रत मागवली. पुढच्या वर्षी, २३ ऑक्टोबर १९४७ ला, दु बॉइस यांच्या पुढाकारानं तयार झालेलं दुसरं, अधिक सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर झालं. त्याची बाजू कुणी उचलून धरली? सोव्हिएत संघानं. तीनच वर्षांपूर्वी, मे १९४४ मध्ये, याच सोव्हिएत सरकारनं क्रिमियातल्या तातारांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांनाही, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकललं होतं. अमेरिकेनं मग हे निवेदन म्हणजे शत्रूच्या हातातलं कोलीत ठरवून दूर सारलं. ज्यांना अमेरिकेत झाडांना लटकवून मारलं जात होतं, त्यांच्या तक्रारीची चौकशी झालीच नाही.

या सगळ्या इतिहासाची किल्ली मला इथं सापडते. दडपशाही सरकार दुसऱ्याच्या जखमेचा हत्यारासारखा वापर करतं. समोरचा बलाढ्य देश ते हत्यार दाखवून जखमेकडेच पाठ फिरवतो. दोघांचीही सोय होते.

[दृश्य : ऑक्टोबर १९७५. न्यूयॉर्क, महासभा. लष्करी पदकं ल्यालेले इदी अमीन.]

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीननं तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली. त्यात बहुसंख्य भारतीय मुळाचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं, घरं, शेतं मागे टाकून हजारो कुटुंबं निघून गेली. वंशवादाचं याहून उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. तीन वर्षांनी तेच अमीन आफ्रिकी ऐक्य संघटनेचे अध्यक्ष म्हणून महासभेत उभे होते आणि इस्रायलला संयुक्त राष्ट्रांतून काढा, अशी मागणी करत होते. १० नोव्हेंबर १९७५ ला महासभेनं ठराव ३३७९ मंजूर केला. झायनवाद, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ, हा वंशवादाचाच प्रकार आहे, असं त्यात म्हटलं होतं. बाजूनं ७२, विरोधात ३५, तटस्थ ३२. पुढे १९९१ मध्ये महासभेनंच तो मागे घेतला.

पॅलेस्टिनी माणसाचं दुःख खरं आहे, त्याची जमीन गेली हेही खरं आहे. त्याबद्दल कठोर बोललंच पाहिजे. पण ज्या राजवटींनी तो ठराव रेटला, त्यांतल्या अनेकांच्या स्वतःच्या घरात अल्पसंख्याकांना श्वास घ्यायची सोय नव्हती. पॅलेस्टिनींच्या नावावर त्यांनी आपल्यावरची नजर दुसरीकडे वळवली.

[दृश्य : दर्बान, ऑगस्ट २००१. समुद्र, परिषदेचं केंद्र, रस्त्यावरचे मोर्चे.]

आता दर्बानकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेतून वर्णभेदी राजवट जाऊन सात वर्षं झाली होती. वंशवादावरच्या जागतिक परिषदेसाठी याहून योग्य भूमी नव्हती. जगभरातून माणसं आली. युरोपातले रोमा होते, लॅटिन अमेरिकेतले आदिवासी होते, गुलामांचे वंशज होते, तिबेटी होते. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येनं गेले होते, त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

या परिषदेची आशियाई पूर्वतयारी त्याच वर्षी फेब्रुवारीत तेहरानला झाली होती. इराणमधल्या बहाई या धार्मिक अल्पसंख्याक समाजाला तिथं विद्यापीठाचं दारसुद्धा बंद आहे. त्या शहरात आशियाच्या वतीनं वंशवादाविरुद्धचा मसुदा लिहिला गेला. इस्रायलविरुद्धची सगळ्यात जहाल वाक्यं त्याच मसुद्यातून दर्बानला पोहोचली.

दर्बानच्या स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात उघड ज्यूद्वेषी पत्रकं वाटली गेली. मेळाव्याचं निवेदन इतकं भडक होतं, की परिषदेच्या सरचिटणीस मेरी रॉबिन्सन यांनी ते सरकारांपुढे मांडायला नकार दिला. ३ सप्टेंबरला अमेरिका आणि इस्रायल परिषद सोडून गेले. उरलेल्या देशांनी वाटाघाटी करून तो जहाल मजकूर बराचसा काढून टाकला, आणि शेवटच्या जाहीरनाम्यात एक ऐतिहासिक गोष्ट आली. गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे आणि तो नेहमीच तसा मानला जायला हवा होता, हे जगानं कागदावर मान्य केलं. अटलांटिकपलीकडे ज्यांचे पूर्वज साखळदंडांत नेले गेले, त्यांच्यासाठी हे वाक्य फार मोठं होतं. पण युरोपातल्या जुन्या वसाहतवाल्या देशांना माफी आणि भरपाई हे शब्द अडचणीचे होते. अमेरिका तर सभागृहातच नव्हती. परिषद संपल्यावर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि दर्बान सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

दलित कार्यकर्त्यांचं काय झालं?

भारत सरकारची भूमिका होती, की जात म्हणजे वंश नव्हे आणि जातीचा प्रश्न हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. यातलं पहिलं वाक्य अनेक समाजशास्त्रज्ञांनाही मान्य होतं. परंतु परिषदेच्या अधिकृत नावातच वंशवादासोबत 'संबंधित असहिष्णुता' होती. शिवाय वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात, १९६५ मध्ये, जन्मपरंपरेवरून होणारा भेदभाव हा मुद्दा खुद्द भारताच्या सूचनेवरून आला होता. तरीही दर्बानच्या मसुद्यात जन्म आणि व्यवसायावरून होणाऱ्या भेदभावाचा जो परिच्छेद होता, तो अखेर गळाला. बाहेर दलित कार्यकर्ते उपोषणाला बसले होते. भारत काही हुकूमशाही देश नाही. म्हणूनच हे जास्त लागतं. हुकूमशहांनी घालून दिलेली वाट इतकी सोयीची आहे, की लोकशाही सरकारंही गरजेपुरती तिच्यावरून चालून घेतात. पुढे २००२ मध्ये त्या कराराच्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट केलं, की जन्मपरंपरेत जात येते. भारतानं ते मान्य केलेलं नाही.

[दृश्य : २० एप्रिल २००९. जिनिव्हा. उठून बाहेर पडणारे युरोपीय राजदूत.]

ज्या आढावा परिषदेच्या तयारीत डॉक्टरांना गप्प केलं गेलं, तिच्या पहिल्याच दिवशी इराणचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद बोलायला उभे राहिले. आलेल्यांत राष्ट्रप्रमुख ते एकटेच. त्यांनी इस्रायलवर तोफ डागली आणि युरोपीय संघाचे प्रतिनिधी उठून गेले. काहींनी टाळ्या वाजवल्या. जगभरच्या बातम्यांत दिवसभर तेच दृश्य फिरत राहिलं. त्या वेळी इराणमधल्या बहाईंच्या सातही प्रमुखांना पकडून साधारण वर्ष झालं होतं आणि ते तेहरानमधल्या एविनच्या तुरुंगात होते. त्यांची नावं त्या दिवशीच्या बातम्यांत कुठे आली? अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया परिषदेला आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी अंतिम मसुदा घाईघाईनं मंजूर झाला आणि विषय मिटला.

सुदानचं उदाहरण तर अंगावर काटा आणतं. मे २००४. दारफूरमध्ये फूर, मसालित आणि झघावा जमातींची गावं जाळली जात होती. माणसं त्यांच्या जमातीवरून निवडून मारली जात होती. त्याच महिन्यात सुदानची संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर फेरनिवड झाली. गटानं जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार दिले होते, त्यामुळे निवडायला काही नव्हतंच. अमेरिकेचे प्रतिनिधी निषेध म्हणून निघून गेले. अखेर २००६ मध्ये तो आयोग बंद झाला आणि ४७ सदस्यांची मानवाधिकार परिषद आली.

परिषद आयोगापेक्षा बरी आहे, हे मान्य करायला हवं. २०११ मध्ये लिबियाला आणि २०२२ मध्ये रशियाला महासभेनं परिषदेतून निलंबित केलं. पण ६ ऑक्टोबर २०२२ चं मतदान बघा. चीनच्या शिनजियांगमध्ये उइगुरांना आणि इतर मुस्लिम समाजांना कोंडून ठेवल्याबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा स्वतःचा अहवाल पाच आठवड्यांपूर्वी आला होता. तिथं मानवतेविरुद्धचे गुन्हे झालेले असू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. प्रस्ताव निषेधाचा नव्हता, चौकशीचाही नव्हता. या अहवालावर चर्चा करू या, एवढाच होता. बाजूनं १७, विरोधात १९, तटस्थ ११. चर्चासुद्धा नाकारली गेली. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती यांनी विरोधात मत दिलं. इस्लामद्वेषावर हेच देश एरवी सर्वांत मोठ्यानं बोलतात. सोमालियानं मात्र चर्चेच्या बाजूनं मत दिलं, आणि ते नोंदवून ठेवायला हवं. भारत तटस्थ राहिला.

अमेरिकेचंही सांगायला हवं. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये आफ्रिकी देशांनी याच परिषदेत तातडीची चर्चा घडवली. त्यांचे भाऊ व्हिडिओवरून बोलले, मदत मागितली. पहिल्या मसुद्यात अमेरिकेतल्या वंशवादावर चौकशी आयोगाची मागणी होती. पडद्याआडच्या दबावानंतर अमेरिकेचं नावच गेलं आणि आयोगाऐवजी एक अहवाल उरला. अमेरिका तर दोन वर्षं आधीच परिषद सोडून गेली होती.

[दृश्य : कागदांचे गठ्ठे, अर्ज, शिक्के.]

यातला सर्वांत परिणामकारक मार्ग मात्र कॅमेऱ्यात येत नाही. संयुक्त राष्ट्रांत बोलायचं तर स्वयंसेवी संस्थेला सल्लागार दर्जा लागतो. तो द्यायची शिफारस १९ देशांची एक समिती करते. एखाद्या देशाला संस्था नको असेल, तर तो नकार देत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर आलं की नवा प्रश्न. मग अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

जातिभेदाविरुद्ध काम करणाऱ्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेचा अर्ज २००८ मध्ये पहिल्यांदा समितीसमोर आला. त्यानंतर तिला शंभरांहून अधिक लेखी प्रश्न विचारले गेले, सगळे भारताकडून. संस्थेनं प्रत्येकाला उत्तर दिलं. समितीत इतका काळ रखडलेला दुसरा अर्ज नव्हता. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेनं मतदान घेऊन, समितीला डावलून, तिला दर्जा दिला.

म्हणजे मतदान झालं की गोष्टी हलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मानवाधिकार परिषदेच्या निवडणुकीत आशिया-प्रशांत गटानं चार जागांसाठी पाच उमेदवार दिले. मतदान गुप्त होतं. सौदी अरेबियाला ९० मतं पडली आणि तो हरला. २०२३ मध्ये पूर्व युरोपच्या दोन जागांसाठी तिघे उभे होते. बल्गेरिया आणि अल्बानिया निवडून आले, रशिया पडला. २०२० मध्ये बाकीच्या चारही गटांनी जागा तितकेच उमेदवार दिले होते आणि क्यूबा, रशिया बिनदिक्कत आत गेले. हे ठरवणारे राजदूत आपापल्या सरकारच्या सांगण्यावरून मत देतात. लोकशाही देशांत त्या सरकारला याचा जाब विचारता येतो. कुणाला मत दिलंत, आणि स्वतःच्या गटात जादा उमेदवार उभा करायला काय केलंत, हे दोन प्रश्न संसदेत विचारायला कुठल्याही परवानगीची गरज नाही.