रेकॉर्डिंगच्या बॉक्सात मोठी डिस्क का चालत नाही

नमस्कार मंडळी.

आपल्या इंदूरच्या जेल रोडवर एक-दोन टीबीची हार्ड डिस्क कुठल्याही दुकानात मागा, लगेच काउंटरवर येते. घरच्या रेकॉर्डिंगवाल्या सेट-टॉप बॉक्सात मात्र 500 जीबीची असते, ती कायम भरलेली असते आणि काय उडवायचं यावरून घरात वाद होतात. सासूबाईंच्या मालिकेचे राहिलेले भाग उडवायचे की मुलाची मॅच? मग कुणालाही वाटतं की चार स्क्रू काढावेत, जुनी डिस्क काढून नवी लावावी आणि मोकळं व्हावं. माझं आयुष्य दुरुस्तीच्या टेबलावर गेलं, त्यामुळे हा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी सांगतो की डिस्क बसेल, पण बहुतेक बॉक्सांत चालणार नाही. आणि ती न चालण्यामागे तांत्रिक कारण फार थोडं असतं. हे ऐकून लोक नाराज होतात, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आधी हिशेब करू. चॅनेल एका सेकंदाला किती डेटा पाठवतो ते मेगाबिटमध्ये मोजतात. एक मेगाबिटचा प्रवाह तासभर साठवला तर 450 एमबी होतात. 3600 सेकंदांना आठाने भागलं, एवढंच गणित. साध्या चॅनेलला चार मेगाबिट धरा, म्हणजे तासाला 1.8 जीबी. एचडीला आठ धरा, म्हणजे 3.6 जीबी. एकदिवसीय सामना मधल्या सुट्टीसकट आठ तासांचा, म्हणजे एचडीत 29 जीबीच्या आसपास. असे सतरा सामने ठेवले की 500 जीबी संपले. 8 डिसेंबर 2011 ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने 219 काढले, भारताच्या 5 बाद 418 झाल्या. तो सामना ठेवायची इच्छा इंदुरात कुणाला नव्हती? पण केबल तेव्हा बहुतेक घरांत ॲनालॉगच होती. इंदूर, भोपाळ, जबलपूरला बॉक्स सक्तीचा झाला तो केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, 31 मार्च 2013 च्या मुदतीने. रेकॉर्डिंगची चैन त्याआधी छतरीवाल्यांनाच, म्हणजे छतावर डिश लावणाऱ्यांनाच होती. टाटा स्काय प्लस 2008 साली आला, 160 जीबीची डिस्क घेऊन. पुढे एचडीचे बॉक्स आले ते 500 जीबीचे.

आता अडथळ्यांकडे येतो. सगळ्यात जुना अडथळा अगदी प्रामाणिक आहे. डिस्कवरची जागा 512 बाइटच्या खणांत वाटलेली असते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहायला 28 बिट मिळायचे. बँकेच्या फॉर्मवर नावासाठी मोजके चौकोन छापलेले असतात ना, तसंच हे; चौकोन संपले की पुढचं आडनाव लिहायचं कुठे? 28 बिटांत 26,84,35,456 क्रमांक बसतात, त्यांना 512 ने गुणलं की 137 जीबी. त्याच्या पलीकडची जागा त्या यंत्राच्या लेखी नसतेच. डिस्कवर 200 जीबी छापलेलं असलं तरी यंत्राला 137 च दिसणार. काही जुन्या प्रणालींत तर याहून वाईट व्हायचं. क्रमांक उलटून पुन्हा शून्यावर यायचा आणि नवं रेकॉर्डिंग डिस्कच्या सुरुवातीलाच, म्हणजे बॉक्सच्या स्वतःच्या माहितीवर लिहिलं जायचं. सकाळी बघावं तर बॉक्स सुरूच होत नाही.

अमेरिकेत 1999 साली टिव्हो नावाचा रेकॉर्डर विकायला आला. पहिलं मॉडेल जेमतेम 14 तासांचं. तो आतून लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण खुल्या प्रणालीवर चालायचा, त्यामुळे हौशी लोकांनी त्याची डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली, नव्या मोठ्या डिस्कवर सगळं उतरवलं आणि तास वाढवून घेतले. त्यांची गाडी अडली ती याच 137 जीबीवर. पुढे क्रमांक 48 बिटांचा झाला आणि ही भिंत पडली. नंतरची भिंत 2.2 टीबीची. डिस्कच्या सुरुवातीला जो विभागणीचा तक्ता असतो, त्याच्या जुन्या प्रकारात 32 बिटच मोजायला मिळतात. तुमचा बॉक्स तो जुना तक्ता वापरत असेल, तर चार टीबीची डिस्क घेऊन निम्मे पैसे पाण्यात.

यूएसबीवर रेकॉर्ड करणारे स्वस्त केबल बॉक्स आहेत, त्यांचं दुखणं वेगळं. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. साध्या चॅनेलच्या हिशेबाने हे सव्वादोन तास झाले. ज्याने सॉफ्टवेअर नीट लिहिलं त्याचा बॉक्स तिथे दुसरी फाइल उघडतो. ज्याने नाही लिहिलं त्याचा बॉक्स गप्प थांबतो, आणि नाटकाचा तिसरा अंक गेला म्हणून तुम्ही पेनड्राइव्हला शिव्या घालता.

इथवर गणित होतं, आणि गणितावर रागावण्यात अर्थ नाही. आता बॉक्स उघडू. म्हणजे मी उघडतो, तुम्ही घरी उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही थोडा वेळ करंट राहतो. झाकणाखाली एका बाजूला साडेतीन इंची डिस्क दिसते, आवाज दबावा म्हणून रबराच्या चकत्यांवर बसवलेली. तिला दोनच केबल, एक डेटाची आणि एक पॉवरची. कॉम्प्युटरच्या डिस्कपेक्षा हिचं आयुष्य कष्टाचं. तुम्ही रेकॉर्डिंग लावा न लावा, चालू चॅनेल मागे नेता यावा म्हणून बॉक्स सुरू असेपर्यंत ती लिहीतच असते. म्हणून या कामाची डिस्क बहुधा कमी वेगाने फिरणारी, कमी तापणारी निवडतात. तिचा स्वभावही निराळा असतो. साधी डिस्क खराब खण आला की पुन्हा पुन्हा वाचून बघते, तेवढ्यात पडद्यावर चित्र अडकतं. व्हिडिओची डिस्क लवकर नाद सोडते. एका फ्रेममध्ये चौकोनी डाग पडला तरी चालेल, चित्र थांबता कामा नये.

ही डिस्क काढून लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावली की बऱ्याचदा विभाग दिसतात, फाइली दिसतात, तारखाही लागतात. फाइल चालवली की नुसता कचरा. कारण डिस्कवर जाण्याआधीच सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली असते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, कारखान्यात एकदाच कोरलेली. दुसऱ्या बॉक्सची चिप, अगदी त्याच मॉडेलची, त्याच लॉटमधली असली तरी तिची किल्ली वेगळी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डिस्क ठणठणीत असली तरी बॉक्सचा बोर्ड जळला की रेकॉर्डिंग गेलं. एक आजी माझ्याकडे अशी डिस्क कापडी पिशवीत घेऊन आल्या होत्या. यजमान एका स्थानिक कार्यक्रमात गायले होते, ते त्यात होतं. बॉक्स बदलताना मुलाने डिस्क आठवणीने काढून ठेवली आणि बॉक्स परत दिला. डिस्क आजही सुरू होते. मी काहीच करू शकलो नाही.

नवी डिस्क लावली तर काय होतं? बॉक्स बॉक्सवर आहे. एखादा विचारतो, फॉरमॅट करू का. तुम्ही हो म्हणता, आणि दोन टीबीच्या डिस्कवर तो निमूट 500 जीबीचाच विभाग पाडतो, कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तेवढाच आकडा लिहिलेला. एखाद्याकडे पास झालेल्या मॉडेलांची यादी असते, यादीत नाव नसेल तर डिस्कच ओळखत नाही. एखादा सुरुवातीच्या पडद्यावरच बसून राहतो. थोडे असेही निघतात जे मुकाट्याने चालतात, पण त्यांच्या भरवशावर कुणी डिस्क विकत घेऊ नये.

आता गंमत बघा. जेल रोडवर जाऊन ‘डीव्हीआरची’, म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डरची, ‘डिस्क द्या’ म्हटलं तर दुकानदार हसत सीसीटीव्हीवाली देतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर उघडा. तीच साडेतीन इंची डिस्क, त्याच दोन केबल, तेच रात्रंदिवस लिहिणं. त्याच्या माहितीपत्रकात सरळ छापलेलं असतं की अमुक टीबीपर्यंतची डिस्क लावा. तुम्ही लावता, तो फॉरमॅट करतो, विषय मिटला. एकाच जातीच्या दोन यंत्रांपैकी एक आपल्याला मोकळीक देतं आणि दुसरं देत नाही. कारण सीसीटीव्हीतलं चित्र तुमच्या दाराचं आहे, तुमच्या मालकीचं. मालिकेचं चित्र वाहिनीचं आहे आणि बॉक्स अनेकदा केबलवाल्याचा. कनेक्शनच्या फॉर्मवर बॉक्स विकत की भाड्याने हे लिहिलेलं असतं, आपण सही करताना वाचत नाही. भाड्याचा असेल तर त्याचं सील तोडायचा हक्क आपल्याला नाही, डिस्क कितीही स्वखर्चाची असो. विकत घेतलेला असला तरी दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर तो चालत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल 2020 मध्ये केली होती.

कुलपाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मॅचचे, सिनेमाचे हक्क विकत घेऊन दाखवणाऱ्याला त्याच्या प्रती बाजारात फिरायला नकोत, हे समजू शकतं. मला खटकतात त्या दुसऱ्या गोष्टी. अमेरिकेत केबलच्या रेकॉर्डिंग बॉक्सांना मागे बाहेरची डिस्क जोडायला ई-साटाचं सॉकेट असायचं आणि कित्येक शहरांत केबल कंपनीने ते सॉफ्टवेअरमधून बंद ठेवलेलं. तिथे कुलूप शाबूत राहिलं असतं, रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेलं राहिलं असतं, फक्त जागा वाढली असती. ब्रिटनमध्ये स्काय प्लस एचडीच्या पहिल्या बॉक्सात 300 जीबीची डिस्क होती. त्यातली जवळजवळ निम्मी कंपनीने स्वतःच्या निवडीचे कार्यक्रम रात्री भरून ठेवण्यासाठी राखलेली. वीज तुमची, कपाट तुमचं, आणि निम्मे खण त्यांचे! मोठ्या डिस्कचा बॉक्स जास्त पैशांना विकायचा असेल तर छोटा बॉक्स मोठा होऊ द्यायचा नाही, यात तंत्रज्ञान कुठेच नाही, दुकानदारी आहे. ती उघडपणे छापली तर माझी हरकतही नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का. आहे. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1984 साली पाच विरुद्ध चार मतांनी व्हिडिओ रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीच्या बाजूने निकाल लागला की वेळ बदलून बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं चुकीचं नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्डिंग करायला मोकळीक देतं. मात्र 2012 च्या दुरुस्तीत कलम 65-ए आलं. हक्कभंग करायच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून डिस्कचं कुलूप फोडून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. तसंही त्याला ते बहुधा जमणार नसतं.

तेव्हा डिस्क विकत घेण्याआधी बॉक्स कुणाच्या मालकीचा, हे फॉर्मवर बघा. केबलवाल्याला विचारा की बाहेरची यूएसबी डिस्क चालते का आणि किती टीबीपर्यंत. काही बॉक्सांना चालते आणि ती सोय वापरत कुणीच नाही. उत्तर टाळलं तर नाही समजा.

आणि ज्यांच्या बॉक्सात खरोखर जपण्यासारखं काही आहे, त्यांनी डिस्कचा विचारच सोडून द्यावा. बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी सॉकेटं असतील तर बॉक्स चालू आहे तोवर कार्यक्रम लावा आणि तिथून यूएसबी कॅप्चरच्या छोट्या यंत्राने लॅपटॉपवर उतरवा. एचडी राहणार नाही, साध्या टीव्हीइतकं चित्र येईल. काही कार्यक्रमांवर या वाटेवरही नक्कलबंदीचा सिग्नल असतो, चित्र उजळ-काळं होत राहतं, तिथे थांबायचं. दोन तासांचा कार्यक्रम उतरायला दोन तासच लागतात, त्यामुळे बॉक्स परत द्यायच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. आणि सुरू केल्यावर रिमोट मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, मध्ये मेनू उघडला तर तोही चित्रात येतो.