तापीच्या टोकाचं बंदर

(पडद्यावर: थाळनेरच्या किल्ल्याचा पडका बुरूज, खाली तापीचं पात्र)

या बुरुजाखालून वाहणारं पाणी सुरतेला जातं. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या मुखाजवळचं सुरत हे मुघल काळात पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात गजबजलेलं बंदर. मक्केचे यात्रेकरू इथूनच जहाजात बसत.

खान्देशचा माल मात्र नदीतून नावांनी गेला नाही. पात्र खडकाळ, पावसाळ्यात महापूर. माल गेला तो बैलगाड्यांनी आणि बंजारा तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून. बुऱ्हाणपूरहून रावेर, चोपडा, मग थाळनेरला तापी उतरून सिंदखेडा, नंदुरबार, नवापूर. आज ही नावं आपण एसटीच्या पाट्यांवर वाचतो. १६१५ साली इंग्रज राजदूत सर थॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला, तो खान्देशातूनच बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानं या वाटेवरचे मुक्काम ओळीनं लिहून ठेवलेत. नवापूरच्या सुवासिक तांदळाचं त्याला भारी कौतुक.

(पडद्यावर: पुराचं गढूळ पाणी)

हा रो सुरतेत नव्हे, समुद्रकाठच्या सुवालीला उतरला होता. कारण गाळ. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, सगळ्या नद्या खान्देशची काळी माती धुऊन तापीत आणतात. तो गाळ मुखाशी साचे, वाळूचे दांडे तयार होत. मोठी जहाजं वर शहरापर्यंत येत नसत. सुवालीलाच नांगर टाकत. आपल्या कपाशीची माती अशी बंदराच्या तोंडाशी जाऊन बसली होती. हे कळल्यापासून पुराचं पाणी मी वेगळ्या नजरेनं बघतो.

इथल्या कापडासाठी इंग्रजांनी धरणगावात वखारही घातली होती. पुढे १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली आणि खान्देशचा कापूस मुंबईकडे वळला. गाड्यांची वाट ओस पडली.

१९७२ मध्ये सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर उकाईचं धरण झालं. आता खान्देशची बरीचशी माती तिथंच अडते.

(पडद्यावर: संध्याकाळ, उधना स्टेशन)

माणसं मात्र अडली नाहीत. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात कापडाच्या कारखान्यांतून सुटलेली पाळी घरी निघते, तेव्हा गल्लीगल्लीत खान्देशची अहिराणी बोली ऐकू येते.