का थांबली, ते आधी सांगा

[दृश्य : गंगावेश, सकाळ. दूध कट्टा, म्हशी, दुचाक्यांची गर्दी.]

कोल्हापूरच्या गंगावेशीत सकाळचा रस्ता आधी म्हशींचा, मग बाकी सगळ्यांचा. डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला तिथंच रिकामा करायचा, त्यासाठी माणसं कट्ट्यावर उभी आहेत. मागून केएमटीच्या सिटी बसचा हॉर्न. आणि या गर्दीत एक पांढरी गाडी मध्येच थांबली आहे.

[दृश्य : गाडीच्या आत. काळा पडदा, त्यावर टॅब. मागच्या सीटवर आजी.]

आजींना समोरचं काही दिसत नाही. पुढच्या सीटमागं प्लायवूड ठोकून त्यावर काळं कापड लावलंय. कापडावर टॅब. टॅबवर रस्ता, कडेची दुकानं, आणि वाटेत एक मोठा ठिपका. खाली अक्षरं उमटतात, तेच आवाजातही ऐकू येतं : "पुढं म्हैस आहे. ती गेली की निघू."

आजी पदर सावरून मागं टेकतात.

[दृश्य : पडद्यापलीकडून. ड्रायव्हर, शेजारी लॅपटॉप घेतलेली मुलगी.]

गाडी आपोआप चालतेय असं वाटावं म्हणून हा काळा पडदा. चालवणारा माणूसच आहे. शेजारची मुलगी रस्ता बघून एकेक संदेश टॅबवर सोडते. बसणाऱ्याला हे सगळं आधी सांगितलेलं असतं. तरी बिंदू चौकातून निघून पापाची तिकटी येईपर्यंत बहुतेक जण ते विसरतात आणि गाडीशीच बोलायला लागतात.

डिझाइन शिकणाऱ्या चौघांनी ही गाडी उभी केली आहे. ड्रायव्हर नसलेल्या गाडीत बसणाऱ्या माणसाला धीर कसा द्यायचा, त्यासाठीचं ॲप ते बनवताहेत. परदेशात असे प्रयोग झालेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी तर ड्रायव्हरला सीटसारखा दिसणारा पोशाख घालून रस्त्यावर आणलं होतं, गाडी बाहेरून रिकामी दिसावी म्हणून. त्यांना पादचारी काय करतात ते पाहायचं होतं. कोल्हापूरच्या या मुलांचं लक्ष आत बसलेल्या माणसाकडं आहे.

[दृश्य : राजारामपुरीतली खोली. भिंतभर पिवळ्या आणि गुलाबी चिठ्ठ्या.]

ही भिंत नीट बघा. पिवळ्या चिठ्ठीवर गाडी काय करते ते : वेग कमी, डावीकडं वळण, थांबली. गुलाबी चिठ्ठीवर ती तसं का करते ते : शाळेची मुलं रस्ता ओलांडताहेत, समोरची रिक्षा वळतेय, सिग्नल लाल आहे. सुरुवातीच्या आराखड्यात टॅबचा सगळा पडदा पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरला होता. गाडी थांबलीय, हे तर अंगाला धक्का बसतो तेव्हाच कळतं. माणसाला हवं असतं कारण.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सिम्युलेटरवर हेच तपासलं होतं. नुसतं 'गाडी ब्रेक लावतेय' सांगण्यापेक्षा 'पुढं अडथळा आहे' हे सांगणं चालकांना जास्त पटलं. मिशिगन विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासातून वेळेचं महत्त्व पुढं आलं : कारण आधी कळलं तर विश्वास वाढतो, गाडीनं हालचाल केल्यानंतर दिलेल्या खुलाशाला तेवढी किंमत राहत नाही. म्हणून गुलाबी चिठ्ठ्या आता वर गेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलंय, 'ब्रेकआधी'.

[दृश्य : सजवलेली रिक्षा. मग रिक्षावाले मामा मागच्या सीटवर, बोट टॅबवर.]

हे मामा रिक्षा चालवतात. आज ते पॅसेंजर आहेत. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मधीच उतरायचं झालं तर सांगायचं कुणाला?" रिक्षात माणूस खांद्याला हात लावतो, "इथंच घ्या बाजूला" म्हणतो, काम होतं. ॲपमध्ये ती सोय तीन पडद्यांआड होती. आता 'बाजूला घे' हे बटण प्रत्येक पडद्यावर, खाली, एकाच जागी आहे. दाबल्यावर उत्तर येतं : "चौक ओलांडून डावीकडं थांबते." अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०२० पासून वेमो कंपनीच्या ड्रायव्हरविना गाड्या सामान्य प्रवाशांना घेऊन धावताहेत, गाडी बाजूला घ्यायला लावायची आणि मदतीसाठी माणसाशी बोलायची सोय तिथंही आहेच.

[दृश्य : रंकाळा, धुवाधार पाऊस. वायपर.]

विश्वास वाढवायचा, पण आंधळा नको. जोरदार पावसात कॅमेरा आणि लिडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) दोघांचीही नजर मंदावते. अशा वेळी टॅबवरचं चित्र मुद्दाम फिकट होतं आणि आवाज येतो : "पावसानं लांबचं नीट दिसत नाही. सावकाश जातेय." प्रवाशापासून हे लपवायचं नाही, यावर चौघंही ठाम आहेत, आणि ते बरोबरच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ड्रायव्हर नसलेल्या एका गाडीनं पादचारी महिलेला फरफटत नेलं. कंपनीनं माहिती नीट दिली नाही, असा ठपका ठेवून कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागानं तिचा परवाना थांबवला.

[दृश्य : रिक्षा स्टँड, रांग.]

भारतात ड्रायव्हरविना गाड्यांना परवानगी नाही देणार, ड्रायव्हरांचे रोजगार जातील, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर सांगितलं आहे.

[दृश्य : उद्यमनगर. लेथ, लोखंडाचा कीस, मापं घेणारे हात.]

पुढच्या फेरीत टॅब बंद असेल. प्रवासी दृष्टिहीन असतील. २०१५ मध्ये ऑस्टिनमध्ये गूगलच्या गाडीतून एक दृष्टिहीन गृहस्थ एकटे फिरून आले होते, ना स्टिअरिंग, ना ड्रायव्हर. पडदाच दिसत नसेल तर सगळा भार आवाजावर आणि स्पर्शावर येतो. दारात उभी असलेली गाडी आपलीच, हे ओळखायला ठरलेला एक सूर. आणि 'बाजूला घे' साठी चाचपडल्यावर लगेच हाताला लागेल असं, कडेला खाचा असलेलं खरंखुरं बटण. इथं लेथवर तेच घडतंय. पहिलं बटण बोटाला धारदार लागत होतं. दुसऱ्याच्या कडा घासून गोल केल्यात, आणि ते याच आठवड्यात गाडीच्या दारावर, हँडलच्या वर बसतंय.