गाण्यातला 'मी' कोण?

नमस्कार श्रोतेहो. रॉक गाण्यात एखाद्या देवाचं, दैत्याचं नाव आलं की लोक लगेच गूढ अर्थ खोदायला बसतात. माझं सांगणं एवढंच: आधी ऐका, बोलतंय कोण.

१९६७ सालची गोष्ट. बीटल्स या इंग्लिश बँडमधले जॉर्ज हॅरिसन आणि जॉन लेनन ब्रिटिश टीव्हीवर ध्यानाविषयी बोलले. त्यानंतर केंब्रिजच्या एका संस्कृत अभ्यासकाचं हॅरिसनला पत्र आलं. हुआन मास्कारो त्यांचं नाव. गीता आणि उपनिषदं इंग्रजीत आणणारे हेच ते. पत्रासोबत त्यांनी आपलं पुस्तक पाठवलं, निरनिराळ्या धर्मग्रंथांतल्या वेच्यांचं. आणि सुचवलं, यातल्या 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाच्या ओळींना चाल लावून बघा की!

ओळी लाओ त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या. दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं. जितकं लांब जावं, तितकं कमी कळतं. हॅरिसनने चाल लावली. १९६८च्या जानेवारीत तो एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता, तेव्हा इथल्या वादकांकडून या गाण्याचंही संगीत वाजवून घेतलं. आवाज नंतर लंडनमध्ये भरला. 'द इनर लाइट' ते हेच.

आता नीट ऐका. मास्कारोंच्या भाषांतरात 'मी' आहे: माझ्या दाराबाहेर न जाता मला कळतं. हॅरिसन ते कडवं गातो आणि पुन्हा तेच गातो, पण 'तू' करून. तुझ्या दाराबाहेर न जाता तुलाही कळेल. गैरसमज होऊ नये म्हणून, आणि गाणं जरा लांबावं म्हणूनही, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. नुसता 'मी' राहिला असता तर ज्ञान झालेला कुणी एकटा बोलतोय असं वाटलं असतं. 'तू' आला आणि ऐकणाराही त्यात आला. एका सर्वनामात केवढं तत्त्वज्ञान!

रेकॉर्डवर गीतकार म्हणून नाव फक्त हॅरिसनचं आहे. मनातलं बोलतो. आम्ही निवेदक गायकाचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो, भाषांतरकाराचं मात्र कधीच घेत नाही. घ्यायला हवं. दर वेळी घ्यायला हवं.

तर, बोलतंय कोण? रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९६८च्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल'मध्ये 'मी' म्हणजे खुद्द सैतान. त्यांचा गायक मिक जॅगरला ते रशियन लेखक बुल्गाकोव्हच्या कादंबरीवरून सुचलं. बोलणारा सैतान आहे, म्हणून गाणारा सैतानाचा भक्त ठरत नाही. तरी तसा आरोप झालाच. लेड झेपेलिन या बँडच्या १९७०च्या 'इमिग्रंट साँग'मध्ये बोलतात 'आम्ही', समुद्र ओलांडणारे व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी योद्धे. वीरांना मरणानंतर जिथे जागा मिळते ते वल्हाला त्यांना दिसत असतं. आइसलँडच्या दौऱ्यानंतर लिहिलेलं गाणं आहे ते.

पण मी पुन्हा 'द इनर लाइट'कडेच येतो. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. पहिलं कडवं संपलं की वाद्यं बोलू लागतात, आणि मग तो 'तू'. तिथे कान द्या.