भिंतीवर लावलेली स्तोत्रं

श्रोतेहो, नमस्कार. आज बायबलमधल्या स्तोत्रसंहितेबद्दल बोलू या. दीडशे स्तोत्रं, पाच भाग. 73 स्तोत्रांवर दावीद राजाचं नाव, बाकीच्यांत मंदिरातले गायक आसाफ आणि कोरहाचे पुत्र आहेत, 90 व्या स्तोत्रावर तर मोशेचं नाव आहे. हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला सांगायचंय ते वेगळंच. या पुस्तकात देवाची स्तुती आहे, तशी देवाकडे केलेली तक्रारही आहे. हो, तक्रारही! 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठी आले ते 22 व्या स्तोत्राचेच शब्द, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

आता संत ऑगस्टीनची गोष्ट ऐका. साल 430. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराला व्हॅन्डल या जर्मॅनिक टोळीच्या सैन्याचा वेढा पडलेला. तिसऱ्या महिन्यात तिथले हे वयोवृद्ध बिशप तापानं अंथरुणाला खिळले. त्यांचा चरित्रकार पोसिडियस तेव्हा शहरातच होता, त्यानंच हे लिहून ठेवलंय. ऑगस्टीननी दावीदाची पश्चात्तापाची मोजकी स्तोत्रं उतरवून घेतली आणि ती पानं समोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. वैद्य आले किंवा जेवण आणलं तरच आत या, एरवी कुणी येऊ नका, असं बजावलं. शेवटचे दहाएक दिवस ते पडल्यापडल्या ती पानं वाचत आणि सारखे रडत.

विचार करा, श्रोतेहो. या माणसानं दीडशेच्या दीडशे स्तोत्रांवर विवेचन केलं होतं. कित्येक वर्षं लोकांना ती समजावून दिली होती. आणि मरणाच्या दारात मात्र तो ती शिकवत नव्हता, स्वतःसाठी वाचत होता. पाप्याची प्रार्थना म्हणून वाचत होता. मला ऑगस्टीनच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा ही भिंत जास्त शिकवते.

म्हणून सांगतो, स्तोत्रं मोठ्यानं वाचा. ती गाण्यासाठीच रचलेली आहेत. हल्ली उपासनेत वाद्यांचा आवाज इतका चढतो की शब्द ऐकूच येत नाहीत. हे मला मुळीच पटत नाही. शब्द ऐकू आले पाहिजेत. आणि फक्त "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" या 23 व्या स्तोत्रावर थांबू नका. तेरावं काढा. सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच "कोठवर?" असा प्रश्न चारदा येतो. तो गाळू नका, मोठ्यानं विचारा. आणि मगच शेवटच्या वचनातल्या गाण्याकडे जा.